पट्टा गप्प होता

पाटावर बसलेल्या ऋजुताची ओटी भरायला होणाऱ्या सासूबाई वाकल्या आणि ती एकदम किंचाळली. अंग लाकडासारखं ताठ होऊन ती आडवी झाली, मग हातपाय जोरात झटके देऊ लागले. ओठ निळे पडले.

साखरपुड्याला आलेल्या सगळ्यांनी आधी तिच्या मनगटाकडे पाहिलं. दुखण्याची चाहूल लागताच ओरडून सावध करणारा तिथला पट्टा गप्प होता.

"मग फिट नाही," मुलाचे मामा ठामपणे म्हणाले. "फिट असती तर पट्ट्यानं आधीच ओरडून सांगितलं असतं. उपासाची चक्कर दिसतेय. दातखीळ सोडवा, चमचा आणा!"

पट्टे आल्यापासून माणसाकडे बघायची कुणाला सवयच राहिली नव्हती. फक्त तिच्या आईला, विभाताईंना, सगळं ओळखीचं होतं. ती किंकाळी, तो ताठरपणा, ते झटके. पण सासरच्यांसमोर तो ओरडू नये म्हणून सकाळी बांगड्या भरताना पट्ट्याचा आवाज त्यांनीच गुपचूप बंद केला होता. हातात नारळ धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

चमचा दातांवर आपटला. रक्त आलं.

"काढा तो!" त्या ओरडल्या. "फिटच आहे. पट्टा मीच गप्प केलाय."

नारळ टाकून त्यांनी लेकीला कुशीवर वळवलं, पदराची घडी डोक्याखाली सरकवली.

झटके थांबले. भिजलेल्या शालूत ऋजुतानं बऱ्याच वेळानं डोळे उघडले. भोवतीचे चेहरे तिला हळूहळू ओळखू आले.

"आई, पट्टा सगळ्यांसमोर बोलला ना गं?" ती पुटपुटली. "चुकलं माझं."

विभाताईंना तिच्याकडे बघवेना.