काळ्या रेघा

नातवंडांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर रोज माझ्याच चहात माशी पडो. दवाखान्याचं नाव मात्र विचारू नका. मनोर आणि बोईसरच्या मधला सरकारी दवाखाना, एवढं पुरे.

जिल्ह्याहून तपासणीला आलेले कमलाकांत साहेब ऑपरेशनच्या खोलीत कपाटापुढे उभे होते. कपाटात स्टीलचे चार ड्रम, तोंड बघून कुंकू लावावं इतके लख्ख. आत ऑपरेशनची हत्यारं. प्रत्येक ड्रमवर गुळगुळीत पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर काळ्या रेघा. ड्रम वाफेच्या मोठ्या कुकरात पुरता तापला, की त्या रेघा आपोआप उमटतात. रेघ दिसली की डॉक्टरने बिनघोर हत्यार उचलावं.

“वा! काय ठळक रेघा आहेत,” साहेब म्हणाले.

ठळक असणारच. आदल्या दिवशी साखरबाईनेच मार्करने काढल्या होत्या.

कुकर बंद पडून एकवीस दिवस झालेले. ड्रम पालघरला वाफवायला पाठवायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण जीप गेली साहेबांच्या स्वागताच्या खुर्च्या आणायला. मग सुलू सिस्टरने मार्कर पुढे केला. “काढा हो मावशी, रांगोळीचा हात आहे तुमचा. उद्या नुसतं दाखवायचंय. ऑपरेशन कुठं आहे? परवा पाठवू पालघरला.” साखरबाई अठरा वर्षं आया होती, अठराही वर्षं कंत्राटावर. तिने काढल्या. अशा काढल्या की कुकरने लाजावं.

आता साहेब वहीत बरोबरची खूण करणार, तेवढ्यात दार ढकलून स्ट्रेचर आत आलं.

मेघाली. बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी पहिलटकरीण, ओठ पांढरेफटक. डॉक्टर दिनानाथांनी पोटावर यंत्र लावलं. बाळाचे ठोके पळत होते, मधेच अडखळत होते.

“पालघरला पाठवत बसायला वेळ नाही. इथेच सिझर करू. सिस्टर, ड्रम घ्या.”

“आम्ही बाहेर थांबतो,” साहेब म्हणाले, पण दारातच थांबले.

सुलू सिस्टरने ड्रम उचलला. साखरबाई तिच्या कानाशी लागली.

“सिस्टर, सांगा ना त्यांना.”

“गप्प बसा. तुमचीही नोकरी जाईल, माझीही. इंजेक्शनं भरपूर देऊ नंतर.”

“पोट फाडनार हायत पोरीचं!”

“मावशी, बाहेर जा तुम्ही.”

जाणार कशी? मेघालीने तिचा पदर धरून ठेवला होता. “मावशी, तुमी इथंच ऱ्हावा हां.”

डॉक्टर हात धुऊन आले. सिस्टरने ड्रमच्या कडीला हात घातला. साखरबाईने स्पिरिटचा बोळा उचलला आणि सगळ्यांच्या देखत पट्टीवरून फिरवला. पट्टी कोरी झाली. बोळा काळा.

सिस्टरने कडीवरचा हात काढून घेतला.

“सायेब, ह्या रेघा वाफेच्या नाय,” ती डॉक्टरांना म्हणाली. “माज्या हातच्या हायत. ड्रम पालघरला गेलेच नाय.”

“चारही?”

“चारी.”

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “हिला डाव्या कुशीवर घ्या. ऑक्सिजन लावा. आता पालघर गाठल्याशिवाय इलाज नाही. जीप कुठं आहे?”

जीप जेवणाचे डबे आणायला गेली होती. एकशेआठची गाडी यायला पाऊण तास. दारात गाडी एकच, साहेबांची. डॉक्टरांनी साहेबांपुढे ओला तळवा पसरला.

“किल्ली.”

साहेबांनी दिली, ती डॉक्टरांनी गाडी चालवायला वॉर्डबॉयकडे फेकली. डॉक्टर स्वतः मेघालीचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. गाडी अशी सुटली, की वाटेतल्या म्हशींनी दोन दिवस धार दिली नाही. पालघरला पोचताच सिझर झालं. मुलगी. पहिल्या रडण्यालाच खिडकीवरची कबुतरं उडाली.

इकडे खोलीत साहेब, सिस्टर आणि साखरबाई.

“बाई, रेघा काढायला कुणी सांगितलं?”

साखरबाईने काळा बोळा बादलीत टाकला.

“म्हणजे तुमच्याच डोक्यातलं? तसं लिहू? उद्यापासून यायचं नाही मग.”

“लिवा,” साखरबाई म्हणाली.

तेव्हा सुलू सिस्टर पुढे आली. “मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “माझं नाव लिहा. आणि कुकर बंद आहे म्हणून तीन पत्रं पाठवली होती, तेही लिहा. तुमच्याच टेबलावर पडलीत, साहेब.” साहेबांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

हं. आता शपथ घेतलीय, तर एक कबूल करायला हवं. मुलगी झाली, ते खरं. पत्रं साहेबांच्या टेबलावर होती, ते खरं. म्हशींचं तर अगदीच खरं. सिस्टर बोलली, ते तेवढं माझ्या पदरचं.

साखरबाईने नोकरी गमावून निघताना तिच्याकडे वळून बघितलं होतं. सिस्टर हातमोज्यांचे जोड मोजत होती. मोजून झाले, की पुन्हा पहिल्यापासून.