दुप्पट भाव

दुष्काळात विहीर आटली आणि जनावरांसाठी चारा विकत घ्यायची वेळ आली, तेव्हा वच्छलाबाईंनी लढाईत गेलेल्या नवऱ्याचं शौर्यपदक विकायला काढलं. नात राजनंदिनी त्यांना वैजापूरहून शहरात घेऊन आली. जुनी पदकं जमवणारा विश्वजित नव्या वसाहतीत राहत होता. त्याच्या फ्लॅटमधल्या काचेच्या कपाटात अनोळखी माणसांची पदकं ओळीनं लावलेली होती.

पदक निरखून त्यानं भाव सांगितला. मग म्हणाला, "मावशी, ते लढाईत नेमके कसे गेले, तेवढं सांगा. मी रेकॉर्ड करून घेतो. हकिकतीसकट असेल तर दुप्पट देईन."

"मला ठाऊक नाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

"थोडंफार आठवत असेल की."

"नाय. घ्यायचं तर नुसतं पदक घ्या, नायतर द्या माघारी."

त्यानं आधीच्याच भावानं पैसे दिले.

परतीच्या एसटीत राजनंदिनीनं विचारलं, "आजी, आजोबा कसे गेले, तुला खरंच ठाऊक नाही?"

"हाय की. त्यांच्या संगं लढनारा गडी घरी येऊन समदं सांगून गेला व्हता."

"मग सांगितलं का नाहीस? दुप्पट मिळाले असते."

"पदक सरकारनं दिलं व्हतं, ते इकलं. त्यांचं मरण इकाऊ नाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुझ्या बापालाबी मी अजून सांगितलं नाय. सरक जवळ, तुला सांगते."