अस्सल 'वायुपुत्र'

"ऐका ताई, एका किकमध्ये!" इंगवल्यांनी किक मारली आणि कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्यांची 'वायुपुत्र' मोटरसायकल धडधडू लागली.

तिचा इतिहास त्यांनी आधीच माइकवरून सांगून टाकला होता. उद्यमनगरात शंखपाळांनी घडवलेल्या या देशी गाडीचा परदेशी कंपन्यांनी धसका घेतला आणि कट करून कारखाना बुडवला म्हणे. "हिचा स्क्रू न् स्क्रू अस्सल आहे," असंही ते पहिल्या बक्षिसासाठी ठेवलेल्या चषकाशेजारी उभे राहून म्हणाले होते.

परीक्षक म्हणून शंखपाळांच्या मुलीलाच बोलावलं होतं. वडिलांच्या गाडीचा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल, एवढ्यासाठीच सुमतीताई आल्या होत्या.

"कसला कट? वायुपुत्र ढकलल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. रोज सकाळी आम्ही बहिणी धक्का मारायचो. हा आवाज तिचा नव्हे. इंजिन कुणाचं घातलंय?"

इंगवले हसले. "जपानी आहे, ताई. लोकांना सुरू होणारी गाडी लागते ना."

"आमच्या अप्पांनाही तीच हवी होती हो. पण दुसऱ्याचं इंजिन घालून वर आपलं नाव रंगवायची अक्कल त्यांना नव्हती. बंद करा ते."