पत्त्याची पडताळणी

मार्च २००६. बुधवारी सकाळी साडेअकराला पोलीस शिपाई सुलोचनाबाईंच्या जयपूरच्या घरी आला. त्यांनी त्याला सोफ्यावर बसवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, चहा टाक. आलं घाल."

सून आठ दिवस याच माणसाची वाट पाहत होती. फिलिपीन्सहून लग्न करून आलेल्या मारिसेलचा भारतात राहायचा परवाना शुक्रवारी संपत होता. ती नवऱ्याच्या घरी नांदते असा अहवाल गेला नाही, तर तिला देश सोडावा लागणार होता. तिचा चार वर्षांचा मुलगा ध्रुव मात्र भारतीय. तो आजीपाशीच राहिला असता.

"माँजी, मारिसेल नाम की औरत यहाँ रहती है?"

सुलोचनाबाईंनी ध्रुवला मांडीवर घेतलं आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "नहीं भैया. कब की चली गई."

"और अंदर कौन है?"

"हमारी बहू, अनुया. आसाम की है." त्यांनी न मागता रेशनकार्ड पुढे केलं. लग्नात तांदळात लिहून त्यांनीच मारिसेलचं नाव बदललं होतं. कार्डावर तेच होतं. शिपायाने ते वाचलं, फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

मारिसेल ट्रे घेऊन बाहेर आली. "भैया, सब ठीक है ना?"

"हाँ बहूजी, आज ही भेज देता हूँ."


"थँक्यू भैया," म्हणत मारिसेलने त्याच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.