दुसरा ब्रेक

माणसं बाहेर येऊ लागली तशी मास्तरांनी पाटी छातीशी धरली. पाटीवर सुनेचं नाव होतं. ती दिसते कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाने परदेशातून पाठवलेला लग्नाचा फोटो त्यांनी पाकिटातून बाहेरच काढला नव्हता.

बेटावरचा विमानतळ बस स्टँडएवढा. दाराशी तीन-चार जण मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधत इकडून तिकडे फिरत होते. मास्तरांकडे मोबाइल नव्हता. त्यांचं घरच्या फोनवर भागायचं.

एक मुलगी पाटीसमोर थांबली. आधी पाटी वाचली, मग मास्तरांकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.

"तुम्ही आलात न्यायला?"

"हो."

"घरी बाबा बरे आहेत ना?"

"म्हाताऱ्याला काय धाड भरलीय!"

ती किंचित हसली. बॅग स्वतःच उचलून गाडीपाशी गेली आणि मागचं दार उघडून बसली.

मास्तरांचा हात पुढच्या दारावर होता. तो त्यांनी काढून घेतला. म्हणजे ही आपल्याला ड्रायव्हर समजली. समजू दे. ड्रायव्हरच्या देखत माणूस मोकळं बोलतो.

मास्तरांनी हयातभर गाडी शिकवली होती. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि पाय आपल्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर ठेवायचा. तो चुकल्यावर ब्रेक मारण्यात अर्थ नसतो, चुकायच्या आधी मारावा लागतो. खाडीपलीकडच्या त्यांच्या गावातली अर्धी माणसं याच गाडीत शिकली होती. दुसरा ब्रेक अजून शाबूत होता.

रस्ता खाजणाच्या दलदलीतून बोटीच्या धक्क्याकडे जात होता. ती खिडकीबाहेर बघत होती. कुठे जायचं ते तिने सांगितलं नाही, भाडंही विचारलं नाही. पैशाचा माज, मास्तरांनी मनात म्हटलं.

ती कशाला येतेय ते मुलाने फोनवर सांगितलं होतं. काही कागद आहेत बाबा, सह्या करून टाका. मुलावर त्यांचा भरवसा होता. या मुलीवर नव्हता. समुद्रासमोरचं घर आणि त्याची दोन खोल्यांभोवतीची ओसरी, एवढंच काय ते त्यांचं उरलं होतं. बायको गेली तीही त्याच ओसरीवर बसल्या-बसल्या.

गाडी बोटीवर चढली. दोर सोडणाऱ्याने काचेतून आत वाकून बघितलं.

"काय मास्तर, मागे बसवून शिकवता होय आता?"

"तू तुझा दोर बघ."

तो हसला. मोबाइल काढून बघितला, एक शिवी हासडली आणि परत खिशात टाकला. बोट हलली.

तेवढ्यात मागे तिने फोन कानाला लावला.

"हो, मीच. बोटीवर आहे... नाही रे, ड्रायव्हर आहे फक्त." मास्तरांनी मान वळवली नाही. "सह्या आजच घेते. तुझ्या बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही ना, मग चष्माच उचलून ठेवायचा. विम्याचे कागद आहेत म्हणून सांगायचं."

ती सावकाश, सुटंसुटं बोलत होती, मुलांना श्रुतलेखन घालावं तशी.

"घराचं गिऱ्हाईक तयार आहे. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं... त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात खोली ठरलीय की. खिडकी नाही तिला, पण या वयात खिडकी काय करायचीय?" ती थोडं थांबली. "माझ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तुझ्यावर आहे. म्हणून तर तुझं नाव पुढे करायचं."

तिने फोन ठेवला. आरशात मास्तरांना तिचे डोळे दिसले. ते त्यांच्याकडेच लागले होते.

बोट पलीकडच्या किनाऱ्याला लागली. मास्तरांनी गाडी धक्क्यावर घेतली आणि तिथेच थांबवली. उतरून तिची बॅग रस्त्यावर ठेवली.

"उतर."

ती उतरली.

"मी ड्रायव्हर नाही. तुझा सासरा आहे."

तिचा चेहरा पडेल असं त्यांना वाटलं होतं. पडला नाही. निगरगट्ट, त्यांनी मनात म्हटलं.

"मग ऐकलंत ना सगळं?"

"अक्षरन् अक्षर. माझा पोरगा साधा आहे, त्याच्या आडून हे धंदे करतेस? ही बोट उलटी फिरेल, हिनेच परत जा. माझ्या उंबऱ्याला तुझा पाय लागता कामा नये."

"आणि सह्या?"

"तुझ्या हातून एक कागद घेणार नाही मी."

"बरं." तिने बॅग उचलली. चार पावलं जाऊन वळली. "चष्मा जवळ ठेवत जा, बाबा."

"टोमणे मारून झाले असतील तर नीघ!"

बोट सुटली तेव्हा ती कठड्याशी उभी होती. मास्तर पाठ फिरवून तिकिटाच्या खिडकीकडे गेले. ब्रेक वेळेवर लागला होता.

"फोन दे रे जरा. मुलाला लावायचाय."

तिकीटवाल्याने टेबलावरचा फोन खिडकीतून पुढे सरकवला. आकडे फिरवताना मास्तर मनात वाक्यं जुळवत होते. तू एकटा ये. घर आजच तुझ्या नावावर करतो, म्हणशील तिथे सही करतो, डोळे मिटून करतो. फक्त त्या बाईला सोड.

पहिल्याच घंटेला मुलाने फोन उचलला.

"बाबा, पोहोचली का ती? विमानात बसल्यापासून तिचा फोनच लागत नाहीये. सह्या झाल्या ना?"