नदीची कळ

वाळू परवाना केंद्राच्या बाकांवर सगळ्या बायकाच बसल्या होत्या. नदीतून वाळू उपसायची, तर दर वर्षी ठेकेदाराच्या घरातल्या कुणी तरी आधी मनगटाला पट्टा बांधून उपशाने नदीला उठणारी कळ स्वतःच्या अंगात सोसायची आणि मगच होकार द्यायचा, असा कायदा होता. पुरुषांनी बायकांना पाठवायचं, हे न बोलताच ठरून गेलं होतं.

जयसिंग घोरपडे दाराशी उभा होता. त्याची बायको वत्सला घाम पुसत बाहेर आली.

"झालं ना?"

"झालं. या वेळी मी नकार दिला."

तो तावातावाने आत शिरला. "तिला काय कळतंय? मी बसतो!"

टेबलामागच्या बाईंनी पट्टा पुढे केला.

पोट आतून कुणी फावड्याने खरवडावं, तशी कळ उठली. जयसिंग किंचाळला आणि त्याने पट्टा ओरबाडून काढला. बाकांवरच्या बायका बघत होत्या. कुणीही हसलं नाही.

वत्सला मागे येऊन उभी होती.

"दर वर्षी तू हे सोसलंस? बोलली का नाहीस?"

"पहिल्यांदा सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, आधी जेवायला वाढ."

त्याला ते आठवतही नव्हतं. त्याची मान वर होईना.

"मग काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"ती म्हणाली तेच," तो कसाबसा म्हणाला.

तो निघाला, पण वत्सला हलली नाही. पुढची पाळी एका कोवळ्या सुनेची होती. वत्सलाने तिचा हात धरला.

"नाही म्हणता येतं, बाळा," ती म्हणाली. "मला उशिरा कळलं."