उरलेली उष्णता

"मग उरलेली उष्णता जाते कुठे?" बाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

सगळे दचकले. पडदे ओढलेले होते, पंखा गुंगी आणत होता, आणि बाहेरून आलेल्या या परीक्षक बाईंना डुलकी लागलीय असंच सर्व जण धरून चालले होते. धाकटीचं पीएच.डी.च्या प्रबंधाचं सादरीकरण संपत आलं होतं. प्रयोगशाळेत वयाने सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी. भिंतीवर तिचा तांबूस तारा तरंगत होता. त्याच्याभोवतीचं प्रभामंडल ताऱ्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी तापलेलं, तरी जागच्या जागी थांबलेलं. त्यातली बरीच उष्णता प्रकाश होऊन जाई, काही खाली ताऱ्याकडे परते. हिशेब जवळजवळ जुळत होता. जी चिमूटभर उरली तिच्यापुढे धाकटीने लिहिलं होतं, मोजमापातली चूक.

तिच्या मार्गदर्शक सरांनी नजरेनेच खुणावलं. तेच सांग आणि मोकळी हो. नोकरी ठरली होती; पदवी तेवढी हाती पडायची होती.

धाकटी ताऱ्याकडे बघत राहिली. मोजमापात चूक नव्हती. तिने पुन्हापुन्हा तपासलं होतं. खोलीतले आवाज विरत गेले. आणि बघता बघता तिला वाटलं, प्रभामंडल मुळी थांबलेलंच नाही. ते सगळ्या बाजूंनी अलगद सुटतंय, काळोखात निघून चाललंय, कुणाला पत्ता लागू न देता.

"तारा थोडा थोडा वाहून जातोय," ती म्हणाली. "उष्णता त्याच्याबरोबर जाते. म्हणजे माझा प्रबंध चुकलाय."

सरांनी कपाळाला हात लावला. पोरगी दमलीय, तिचं बोलणं मनावर घेऊ नका, असं ते बाईंना विनवू लागले. बाईंनी शांतपणे सांगितलं की आहे तसा प्रबंध ठेवला तरी त्या सही करतील, ठरवायचं तिने. धाकटीच्या डोळ्यांसमोर नोकरीच्या गावी बघून ठेवलेली खोली आली, खिडकीतल्या उन्हासकट. मग तिने प्रबंध मागे घेतला.

सर आपले कागद उचलून निघून गेले. धाकटी प्रोजेक्टरच्या वायरी गुंडाळू लागली. बाई दारापर्यंत जाऊन परत आल्या. एवढा अवघड प्रश्न नेमका मलाच का विचारलात, असं धाकटीच्या तोंडून निसटलं.

"मी परीक्षा घेत नव्हते गं," बाई म्हणाल्या. "मला खरंच माहीत नव्हतं."